विहिरीतला फुटबॉल

ओल्या शेणाचा वास आला की मला मुरगूडजवळच्या आमच्या मळ्यातली विहीर आठवते आणि तिच्या तळाशी निजलेला फुटबॉल. लग्न होऊन मी नुकतीच कोल्हापुरातून तिथं आले होते. माझे दोन्ही भाऊ पेठेच्या टीममधून फुटबॉल खेळायचे, घर सतत आरडाओरड्यानं भरलेलं. इथं दुपारभर फक्त विहिरीच्या भिंतीवर हलणारी उन्हाची जाळी बघत बसायचं. एका दुपारी मोटर नुसतीच घुमत राहिली. पाणी येईना, आणि कोवळ्या उसानं माना टाकलेल्या. सासऱ्यांनी मोटर बंद करून हाक मारली, "पोरी, फुटबॉल गळतोय. शेण कालवून आण." कुणाचा तरी चेंडू पाण्यात पडला असेल असं वाटून मी विचारलं, "मामा, चेंडूला शेण कशाला?" ते पोट धरून हसले. "खेळायचा न्हवं गं. पायपाच्या बुडाला असतोय त्यो, पाणी धरून ठेवतोय. फट पडलीया, शेणानं बुजंल." मी पंपात शेणकाला ओतत राहिले. मोटर लावली, पाइप थरथरला आणि हिरवट पाणी पाटात उतरलं तशी मीही हसले, सासरी आल्यापासून पहिल्यांदाच. पुढं पंप अडला की ते मलाच हाक मारायचे, "फुटबॉल गळतोय की गं." बऱ्याच वर्षांनी त्यांच्याबरोबर दुकानात गेले, तर ते दुकानदाराला स्वच्छ म्हणाले, "विहिरीच्या पायपाला फूट व्हॉल्व्ह द्या एक." म्हणजे फुटबॉलचं खरं नाव त्यांना ठाऊक होतं. मी त्यांच्याकडं बघितलं तर ते पायपांकडं बघत होते. आज ते नाहीत, मी मात्र दुकानातही फुटबॉलच मागते.