कोरडा शर्ट

कुरुळीच्या एका फाउंड्रीत मी सेफ्टीचं काम बघतो. तिथल्या भट्टीवर चंद्रपूरकडचा एक माणूस होता. आधी तो कोळशाच्या खाणीत, जमिनीखाली राबलेला. येता-जाता तो शेजारच्या कामगाराच्या पाठीवरून हात फिरवायचा आणि ओला तळवा पँटला पुसायचा. बाकीचे हसायचे. मलाही ती त्याची खोडच वाटायची.

एकदा मी उष्णतेच्या मीटरवरचा आकडा वहीत लिहीत होतो. मीटर मीच लावलेला, मॅनेजरांनी दाखवलेल्या जागी, म्हणजे दारापाशी कूलरच्या वाऱ्यात. तिथं लाल दिवा कधी लागायचाच नाही. वहीकडे बघत तो म्हणाला, "खाणीत असं मशीन नोतं साहेब. आमी एकमेकाची पाठ पाहत होतो. घाम बंद झाला, की त्या मानसाले वर नेत होतो. इथं कुठं न्याचं?"

मी आकडा लिहून वही मिटली.

मे महिन्यातल्या एका दुपारी भट्टीवर सगळे निथळत होते आणि त्याचा एकट्याचा शर्ट कोरडा होता. "आज आराम दिसतोय, काका," असं म्हणून मी मीटरकडे गेलो. दिवा हिरवा होता. आकडा लिहून मी सही करतोय, तोच मागे तो धाडकन कोसळला. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

पुढे चौकशी झाली. माझ्या वहीचं पान न् पान तपासलं गेलं. त्या दुपारच्या नोंदीत काहीच चूक निघाली नाही.