वाटेतला पाट

परळच्या इस्पितळात, फिजिओथेरपीच्या खोलीत, पहिल्याच दिवशी त्या मुलीनं मला विचारलं, "काकू, तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय?" माझ्या आधीच्या बाईंना जिने चढायचे होते, त्यांच्या आधीच्या काकांना गिरनारला जायचं होतं. मी म्हटलं, "मला खाली बसून जेवायचंय."

तिला वाटलं मी थट्टा करतेय. गुडघे दुखणाऱ्या माणसाला जो तो सांगत असतो, खाली बसू नका. मलाही हाडांच्या डॉक्टरांनी काही वर्षांपूर्वी तेच सांगितलं होतं, आणि त्यातूनच आमच्या घरात टेबल आलं.

त्याआधी लालबागच्या चाळीत आम्ही दोघं समोरासमोर पाट मांडून जेवायचो. खोली एवढीशी, की ताटाला ताट लागायचं. चाळ पडली, टॉवर उभा राहिला, नवीन घरात आलो, आणि माझे गुडघे नेमके तेव्हाच संपावर गेले. टेबल आलं, पण त्यावर जेवायला मी एकटीच. आमचे हे पलीकडे भिंतीशी, खिडकीखाली पाटावर बसले. दुसरी खुर्ची घेऊ म्हटलं, तर म्हणाले, "माका खालीच बरा वाटता. ता टेबल तुज्यासाठी." या माणसानं जन्मभर सौजन्य शुद्ध मराठीत केलं आणि हट्ट मालवणीत. मी पडले गिरगावची, त्यातून शिक्षिका. हट्ट मीही करते, फक्त व्याकरण सांभाळून.

थोड्या दिवसांनी त्यांनी तो पाट उचलला आणि स्वयंपाकघराच्या दारात मांडला. अगदी येण्याजाण्याच्या वाटेत. भात आणायला उठलं की यांना वळसा घालून जायचं, तेही असल्या गुडघ्यांनी. मी चिडले. "तिथे काय सोनं पुरलंय?"

"हयसर वारो येता," ते म्हणाले.

वारा कुठला? खिडकी तर त्यांच्या आधीच्या जागेच्या डोक्यावर होती. मी काय समजायचं ते समजले. माणूस रुसला होता. इतकी वर्षं समोर बसायचा, आता मी वर चढून बसल्यावर बाजूला निघून गेला. बोलून दाखवील तर शपथ. मग मीही विचारलं नाही. मी टेबलावर, ते दारात, असे आम्ही ते जाईपर्यंत जेवलो.

तेराव्याला घर भरलं होतं. सगळे खाली पंगतीत बसले आणि माझं पान टेबलावर वाढलं. सगळ्यांची डोकी मला वरून दिसत होती. कुणी वर बघितलं नाही, बघायचं कारणही नव्हतं. माझ्या नवऱ्याचं तेरावं, आणि मीच पाहुणी.

पुढच्या आठवड्यात, दुपारी, मी माझा जुना पाट काढला, त्यांच्या पाटासमोर मांडला आणि हिय्या करून त्यावर बसले. म्हणजे आदळले. मग उठता येईना. गुडघा वाकला की सुरी फिरवल्यासारखी कळ यायची. ताट घेऊन फरशीवर बडवलं, हाका मारल्या. चाळीत असते तर पहिल्या ठोक्याला चार बायका आत आल्या असत्या. इथे दारं बंद असतात. शेवटी ढुंगणावर सरकत पलंगापर्यंत गेले आणि कशीबशी वर चढले. संध्याकाळी लिफ्टमध्ये शेजारीण म्हणाली, "दुपारी तुमच्याकडे फर्निचरचं काम चालू होतं का?" मी हो म्हटलं. काय सांगणार?

लेक बंगळुरूहून फोनवर म्हणाली, "आई, कशाला खाली बसायचंय? वर बस ना आरामात." तिचं चुकलं नाही. तिला कसं सांगू, की मला तिच्या बाबांच्या पाटासमोर बसून एकदा जेवायचं होतं? रुसवा काढायचा राहून गेला होता. माणूस नाही तर नाही, निदान त्याच्या पातळीवर तरी जाऊन बसावं, असं मनानं घेतलं होतं. आणि परत एकटीनं उठता यायला हवं होतं, कारण हात द्यायला घरात कुणी नव्हतं.

फिजिओच्या मुलीला मी यातलं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "खाली बसणं नंतर, काकू. आधी उठणं शिकायचं." पलंगावर पाय पसरून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि ती दाबायची. मग खुर्चीवर उशा रचून उठाबशा. जमायला लागलं की एक उशी काढायची. शाळेत मी पोरांना इतक्या उठाबशा काढायला लावल्या, त्या सगळ्या आता माझ्या नावावर जमा झाल्या. दुखलं की मी थांबायचे. ती म्हणायची, "थोडं दुखू दे. दुखतंय म्हणजे दर वेळी काही बिघडतंय असं नाही. उद्या सकाळपर्यंत उतरलं, तर ते व्यायामाचं दुखणं." मी वाद घालायचे, घरी येऊन रडायचे, आणि सकाळी उठून बघायचे. बहुतेक वेळा उतरलेलं असायचं.

व्यायामापेक्षा अवघड गोष्ट वेगळीच होती. ती मुलगी माझा गुडघा दोन्ही हातांत धरून हळूहळू वाकवायची, आणि मला एकदम भरून यायचं. तिला वाटायचं दुखलं. हे गेल्यापासून माझ्या अंगाला कुणाचा हात असा निवांत लागलाच नव्हता. आठवड्यातून दोनदा लालबागहून परळला मी चालत जायचे. मिरचीच्या दुकानांपाशी ठसका लागायचा, नाक पुसत पोचायचे, आणि वाटेत मनात हेच असायचं की आज तिला सुट्टी नसू दे.

उशा संपल्या. मग बुटकं स्टूल आलं. मग जमिनीवरची गादी. आधी ओणवं व्हायचं, मग एक पाय पुढे घेऊन पाऊल टेकायचं, खुर्चीवर हात रोवायचे आणि वर यायचं. एका सकाळी मी तिच्या हाताशिवाय उभी राहिले. ती टाळ्या वाजवायला लागली. "आता घरी जेवा खाली बसून. आणि आता इथे यायची गरज नाही, काकू." मी हसले. जिना उतरताना पाय दुखले नाहीत, तरी मी कठड्याशी थांबत थांबत उतरले.

त्याच दुपारी स्वयंपाक केला. सोलकढी, भात, तळलेला बांगडा. त्यांचा पाट दारातच होता, तो मी हलवलाच नव्हता. मी विचार केला, सुरुवात मुळापासून करावी. खिडकीखाली, त्यांच्या पहिल्या जागी सतरंजी घातली, पुढ्यात ताट वाढून ठेवलं आणि खिडकीची कड धरत, शिकवल्याप्रमाणे, हळूच खाली बसले. बसता आलं. खिडकीतून छान वारा येत होता.

मग वर बघितलं, आणि माझी खुर्ची दिसेना. तिचे पाय तेवढे दिसत होते. वर टेबलाची कड आणि त्या कडेला लोणच्याच्या बरण्या, पाण्याचा जग, बिस्किटांचा डबा, माझ्या औषधांचा डबा. त्या बाजूला कुणी जेवायला बसत नाही म्हणून, टेबल आलं त्याच दिवसांत, मीच एकेक करून तिथे आणून ठेवलं होतं सगळं. खालून त्याची भिंत झाली होती.

मी ताट पुढे ढकलत, सरकत सरकत दारापर्यंत गेले आणि त्यांच्या पाटावर बसले. तिथे वाऱ्याचा मागमूस नव्हता. समोर माझी खुर्ची होती, अख्खी, पाठीवर टाकलेल्या टॉवेलसकट. तिथे मी बसले असते तर कपाळापासून पावलांपर्यंत दिसले असते.

"अहो," मी मोठ्यानं म्हटलं, "सांगायचं होतं ना एकदा."

बांगडा गार झाला. मी तो तिथेच बसून खाल्ला, डोळे पुसत. मग ओणवी झाले, एक पाऊल पुढे टेकलं, दाराची चौकट धरली आणि उठले. टेबलावरच्या बरण्या, जग, डबे एकेक करून ओट्यावर नेऊन ठेवले. जाता-येता दर वेळी त्यांच्या पाटाला वळसा घातला.