रनाळ्याची बिनविजेची गिटार

रनाळ्याचे ते प्रकरण आजही जसेच्या तसे डोळ्यांपुढे उभे राहते. खरे सांगायचे तर मीच ते अधूनमधून मुद्दाम उभे करते. नोकरीत मोठे गुन्हे पुष्कळ पाहिले, पण स्वतःच्या डोक्याने उलगडलेला पहिला गुन्हा हाच.

साठच्या दशकातली गोष्ट. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होते. धुळ्याहून मला तिथल्या ठाण्यात महिला जमादार म्हणून पाठवले होते. ठाण्यात मी एकटीच बाई. फौजदारसाहेब वाईट माणूस नव्हते, पण माझे काम काय हे त्यांना नक्की ठाऊक नव्हते. हरवलेल्या मुली, भांडखोर जावा आणि बायकांच्या झडत्या एवढे माझ्याकडे यायचे. बाकी वेळ मी आवक-जावक पाहायची.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधीच्या आठवड्यात सुरतेकडचा एक ऑर्केस्ट्रा गावात आला आणि धर्मशाळेत उतरला. दुसऱ्या दिवशी त्यांचा शेठ तावातावाने ठाण्यात आला. त्यांची इलेक्ट्रिक गिटार चोरीला गेली होती. मांडीवर आडवी ठेवून वाजवतात तसली, भरीव लाकडाची. वादक सोबतच होता. चाळिशीचा, तेल लावून भांग पाडलेला, बोलायला गोड. तो म्हणाला, "मी अंघोळीला गेलो आणि गिटारची पेटी गायब. वायर, बोटांत घालायच्या नख्या, स्टील, सगळं पेटीसकट गेलं." हा जबाब मीच लिहून घेतला. स्टील म्हणजे काय, हेही मीच विचारले. डाव्या हातात धरून तारांवरून फिरवायचा जाड, गुळगुळीत लोखंडी तुकडा, असे त्याने सांगितले. फिर्याद नोंदवून ऑर्केस्ट्रा शहाद्याच्या कार्यक्रमांना निघून गेला.

आखाजी झाली, माहेरी आलेल्या लेकी सासरी परतल्या, तोवर तपास जागचा हलला नव्हता. मग खबर आली ती एका बांगडीवालीकडून. खेड्यापाड्यांत शिपायाला दारात उभे करतात, बांगडीवालीला थेट चुलीपर्यंत नेतात. म्हणून ती माझी खबरी होती.

"बाईसाहेब, रनाळामा एक घर शे," ती म्हणाली. "दिवा घासलेटना अन् बाजा बिजलीना! पेटी मी सोता देखी."

घर खाऊनपिऊन सुखी शेतकऱ्याचे होते. पेटी होती धाकट्या सुनेकडे. फौजदारसाहेबांनी लगेच जीप काढायला सांगितली. मी आडवी आले.

"साहेब, दारात जीप उभी राहिली तर ती सून निर्दोष असली तरी त्या घरात राहणार नाही. मला एकटीला जाऊ द्या. साध्या साडीत."

"आणि माल पळवला तर?"

"तर माझी बदली करा."

साहेब हसले. "ती तर मी असंही मागणार होतो." पण जाऊ दिले.

एस.टी.तून रनाळ्याला उतरले. सासूने मला पाव्हणी समजून पाणी दिले. ओळख सांगितल्यावर तिचा हात तसाच राहिला.

"पोलीस? आमना दारमा कधी पोलीस उना नही! चोरीना माल निंघना ते हाई सून माहेरलेच ऱ्हाई. सांगी ठेवस."

सून विशीची होती. नवापूरची, रेल्वेवाल्याची लेक. ती रडली नाही, हे मला आवडले. आतल्या खोलीत जाऊन तिने धान्याच्या कणगीमागून पेटी काढली. लहानपणी रेल्वे कॉलनीत एका गार्डच्या बायकोकडे ती ही गिटार शिकली होती. आखाजीहून परत येताना भावाला घेऊन ती खांडबाऱ्याला उतरली आणि साठवलेल्या पैशांतून तिथल्या एका मिस्त्रीकडून ही जुनी गिटार विकत घेतली. हा मिस्त्री बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचा, रेडिओ उघडायचा आणि वर्षाकाठी एखाददुसरी गिटारही बनवायचा.

"गावात वीज नाही. मग विजेची कशाला घेतलीस?" मी विचारले.

"म्हणूनच तर घेतली, बाई. ही पोकळ नाही, भरीव आहे. वीज नसली की हिचा आवाज वाजवणाऱ्यापुरताच. दुपारी सगळी शेतात गेली की वाजवते. घरात कोणाला त्रास नाही."

"वाजवून दाखव."

तिने पदरातून लोखंडाचा तुकडा काढला आणि तारांवर ठेवला. दोन हातांवर बसूनही मला जेमतेम ऐकू आले. तेवढ्यात सासू पुढे झाली आणि तिने सरळ लाकडाला कान लावला. थोड्या वेळाने मान वर करून म्हणाली, "मन्हा घरमा वाजी ऱ्हायनी अन् मालेच म्हाईत नही!" राग त्यात होताच. पण फक्त राग नव्हता.

माझे लक्ष मात्र त्या लोखंडी तुकड्याकडे होते. एका बाजूला अजून गंजाचा डाग होता.

"हे पेटीतलंच का?"

"नाही. पेटीत स्टील नव्हतंच. मिस्त्रीकाकांनी ट्रकची पिन घासून दिली."

पोलीस पाटील आणि शाळेचे गुरुजी यांना बोलावून पंचनामा घराच्या आतच उरकला, दोघांना तोंड बंद ठेवायला सांगितले आणि गिटार त्या पिनेसकट गोधडीत गुंडाळून एस.टी.त चढले.

दुसऱ्या दिवशी खांडबाऱ्याला गेले. मिस्त्रींनी गोधडी उघडताच गिटार ओळखली. काही वर्षांपूर्वी ती त्यांनीच बनवून त्या शेठला विकली होती. आखाजीच्या तोंडावर ती परत घेऊन आला तो खुद्द वादक. शेठला नवी घ्यायची आहे, ही विकून टाका म्हणाला.

"पावती? शेठची चिठ्ठी?"

"बाई, लेक माहेरी आली तर कोणी तिच्याकडे चिठ्ठी मागतं का?"

"पोलीस मागतात," मी म्हटले.

फौजदारसाहेबांनी सगळे ऐकून घेतले. "चोरीचा माल घेणारा नेहमी दुसऱ्याकडेच बोट दाखवतो. मिस्त्री आणि ती सून, दोघांना उचलून आणा. वादकाविरुद्ध तुमच्याकडे आहे काय?"

"एक हरवलेलं स्टील आहे, साहेब. वादकाला ओळख पटवायला बोलवा. गिटार वाजवायला लावू."

"ठाण्यात तमाशा भरवायचाय का, बाई?"

"पाच मिनिटांचा."

शहाद्याहून शेठ आणि वादक आले; मी सांगितल्याप्रमाणे शेठने ऑर्केस्ट्राचा ॲम्प्लिफायरही आणला होता. टेबलावर गिटार पाहून शेठ खूश झाला. वादकही खूश दिसला, जरा जास्तच. मी म्हणाले, "ओळख पक्की व्हायला हवी. बसा, वाजवून दाखवा." आणि ट्रकच्या पिनेचा तो तुकडा त्याच्या हातात दिला.

ठाण्यात वीज होती. त्याने गिटार जोडली आणि एक ओळ सुरू केली. तार खरखरली. त्याने पुन्हा सुरू केली. पुन्हा खरखर. दारातला शिपाई म्हणाला, "वादक म्हणे! हा आमच्या बँडवाल्यापुढे उभा राहणार नाही." शिपायाला मी सांगून ठेवलेले नव्हते, ते वाक्य त्याचे स्वतःचे. शेठही कपाळाला आठ्या घालून बघत होता.

वादकाचा चेहरा लाल झाला. "असल्या भंगारानं कोण वाजवणार!" त्याने पिन टेबलावर टाकली, कोटाच्या आतल्या खिशात हात घातला, स्वतःचे स्टील काढले आणि वाजवू लागला. ते स्टील वापरून वापरून आरशासारखे झालेले, अंगठ्याच्या जागी किंचित खोलगट. फार सुरेख वाजवत होता.

मी त्याला ओळ पुरी करू दिली. मग विचारले, "स्टील पेटीसकट गेलं होतं ना?"

त्याने हातातल्या तुकड्याकडे असे पाहिले, जणू तो दुसऱ्याच कोणाचा असावा. शेठ उठून उभा राहिला. फौजदारसाहेब खुर्चीत पुढे सरकले आणि शांतपणे म्हणाले, "जमादार, जबाब लिहून घ्या." त्या दिवसापर्यंत त्यांनी मला फक्त 'बाई' म्हटले होते.

पुढचे सोपे होते. त्याला पत्त्यांचा नाद होता. गिटार शेठची, ती विकताना त्याला काही वाटले नाही. स्टील मात्र त्याचे स्वतःचे, हाताला बसलेले. ते विकणे त्याच्या डोक्यातही आले नाही.

रनाळ्याला निरोप द्यायला मी पुन्हा गेले. या वेळी गणवेशात, भर दुपारी, जीपमधून. साहेबांनी कारण विचारले तेव्हा मी म्हणाले, "संशय घेऊन गुपचूप गेलं तर चालतं, साहेब. निर्दोष असल्याची खबर गावाला दिसायला हवी." ओट्याभोवती माणसे जमली. सून आरोपी नाही, सरकारतर्फे साक्षीदार आहे, हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले. सासूने ते मला दोनदा म्हणायला लावले.

गिटार कोर्टामार्फत शेठकडे गेली. मिस्त्री पैसे परत द्यायला निघाले होते, सुनेने घेतले नाहीत. नवी बनवून द्या म्हणाली.

या प्रकरणाने मला शिकवले ते पुढे नोकरीभर उपयोगी पडले. माणूस खोटे बोलताना शब्द जपतो, हात जपत नाही. त्याला घाबरवण्यापेक्षा त्याच्या हाताला त्याचे नेहमीचे काम द्यावे. पुढे मी फौजदार झाले, माझ्या हाताखाली पुरुष शिपाई आले, त्यांना मी हेच शिकवले. आणि हे मला कोणत्याही प्रशिक्षणात कोणी शिकवले नव्हते, हेही त्यांना आवर्जून सांगितले.

पुढच्या आखाजीनंतर बंदोबस्तासाठी रनाळ्याहून जात होते. सासूने मला लांबूनच ओळखले आणि हात करून जीप थांबवली. मागे ओट्यावर सून बसली होती, मांडीवर नवी कोरी गिटार, कणगीमागे नव्हे, सगळ्यांसमोर. सासूने कमरेची पिशवी सोडली, घडी केलेला कागद काढला आणि माझ्या नाकासमोर धरला.

"यावखत पावती शे, बाईसाहेब. वाची ल्या!"