सूनबाई दिवसभर मोबाईलवर

लग्नानंतर इतिहासात एम.ए. करायचं मी ठरवलं, तेव्हा सासरी कोणी नाही म्हटलं नाही. सासर भातकुलीजवळच्या खेड्यात, कॉलेज अमरावतीला. एसटीनं जायचं, ग्रंथालयातून जाडजूड पुस्तकं आणायची आणि अंगणात बसून वाचायची. पुस्तकाला घरात फार मान होता. मी ते उघडलं की सासरे टीव्हीचा आवाज कमी करत आणि शेजारीण दारातूनच मागे फिरे. आत काय लिहिलंय याच्याशी कोणाला देणंघेणं नव्हतं, पण सून अभ्यास करते आहे हे सगळ्यांना लांबूनच दिसायचं.

मग कॉलेजच्या ग्रंथालयाचं ॲप आलं. ग्रंथपाल मॅडमनी काउंटरवरच ते माझ्या फोनमध्ये घालून दिलं आणि मी हरखून गेले. ज्या ग्रंथासाठी खेटे घालून माझ्या चपला झिजल्या होत्या, तो बोट टेकताच समोर उघडला. मुदत संपली की पुस्तक आपलं आपण परत जायचं. ना दंड, ना पिशवीचं ओझं. एसटीत जागा मिळाली नाही तरी एका हातानं दांडा धरून वाचता यायचं. हे ज्यानं कोणी बनवलं त्याचं भलं होवो, असं मी किती वेळा मनात म्हटलं असेल.

अडचण निघाली ती भलतीच. आमच्या घरात इंटरनेटची रेंज येत नाही. ती येते अंगणातल्या कडुलिंबाखाली, तिथल्या बाजेच्या एका टोकाला. म्हणजे पुस्तक वाचायचं तर मला सगळ्या गल्लीसमोर, मान खाली घालून, मोबाईल हातात धरून बसावं लागे. कागदाचं पुस्तक वाचणारी सून गुणाची होती. तेच पुस्तक मोबाईलवर वाचायला लागल्याबरोबर ती वाया गेली.

दिवाळीनंतर सासऱ्यांची थोरली बहीण अकोल्याहून माहेरपणाला आली. आत्याबाईंची नजर तिखट आणि जीभ त्याहून तिखट.

"काय रे, तुयी सून दिवसभर मोबाईलवर असते?" त्यांनी भावाला विचारलं, तेही मला ऐकू जाईल अशा बेतानं. "मी आल्यापासून पाहून राह्यली. कॉलेजात हेच शिकवतात काय?"

सासरे भला माणूस, पण बहिणीपुढे त्यांचं कधी चाललं नाही. संध्याकाळी ते सासूला म्हणाले, "औंदाचं वर्ष होऊन जाऊ दे. मंग कॉलेज पुरे. लोकं बोलून राह्यले."

माझं दुसरं वर्ष अजून पुढे होतं. मला रडू आलं नाही, संताप आला. तरातरा बाहेर जाऊन चार शब्द सुनवावेत म्हणून मी उठलेच होते. सासू शांतपणे म्हणाली, "भाजी लागून राह्यली खाली, तिकडं पाहाय." त्या क्षणी मला तिचाही राग आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नेहमीसारखी बाजेवर बसले होते. समोरच्या खोलीत कापूस आढ्यापर्यंत भरलेला होता, आणि भाव वाढायची वाट बघत सासरे दारात पेपर वाचत होते. शेजारी आत्याबाई. सासू मुगानं भरलेलं सूप घेऊन घरातून निघाली ती थेट माझ्याजवळ येऊन बसली.

"मोठ्यानं वाच," ती म्हणाली. "माये हात गुंतले हायेत, कान रिकामे हायेत."

मी वाचू लागले. प्रकरण नेमकं जुन्या वऱ्हाडातल्या कापसाच्या बाजाराचं होतं. गाड्यांच्या रांगा कुठवर लागत, दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून भाव कसा ठरवत, असं सगळं. रुमालापाशी आले आणि सासऱ्यांचा पेपर खाली झाला.

"माया आजा सांगे हे," ते म्हणाले. "आमाले वाटे, म्हातारा थापा मारते."

"थापा कायच्या?" आत्याबाई उसळल्या. "मले करून दाखवे तो, पदराखाली बोटं धरून. तू लहान होता, तुले काय आठवते!"

त्यावर भावाबहिणीची चांगली जुंपली. आजोबांचे बैल आले, बाजारातून येताना आणलेले बत्तासे आले.  जरा वेळानं आत्याबाई उठून बाजेजवळ आल्या, चष्मा लावून माझ्या फोनमध्ये डोकावल्या. मी दोन बोटांनी अक्षरं मोठी करून दिली.

"हे यात हाये?"

"कॉलेजच्या लायब्ररीतलं पुस्तक आहे, आत्याबाई."

त्या काही वेळ ओळींवरून नजर फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मंग वाच ना. थांबली काहून?"

सासूनं मुगातून मान वर केली नाही. माझ्या बाजूनं ती एक शब्द बोलली नव्हती. आता अकोल्यात मी स्वतः इतिहास शिकवते, पुरावा कसा मांडायचा ते मुलांना तासन् तास सांगते, आणि दरवेळी मला ते सूप आठवतं. एवढी हुशार बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग हे रोजचंच झालं. आत्याबाई अकोल्याला परतल्या तरी दुपारचं वाचन थांबलं नाही. पण एक दिवस ऐन प्रकरणाच्या मध्यावर मुदत संपली आणि पुस्तक परत गेलं. ॲपवरही एका वेळी ते एकालाच मिळायचं, आणि लगेच ते दुसऱ्या कोणी तरी घेतलं. माझं नाव रांगेत लागलं.

"कोनं नेलं?" सासऱ्यांनी विचारलं.

"असेल कोणी विद्यार्थी."

"त्याले म्हना, लवकर वाच लेका."

परीक्षा झाली, निकालही लागला. पुढच्या वर्षाचा प्रवेश घ्यायचे दिवस आले तरी घरात कोणी त्यावर बोलत नव्हतं, आणि विचारायला माझी जीभ रेटत नव्हती. अशातच एका दुपारी ते पुस्तक पुन्हा माझ्या वाट्याला आलं. मी बाजेवर बसून सोडलेलं पान शोधत होते, तेवढ्यात सासऱ्यांचा फोन वाजला. पलीकडे आत्याबाई होत्या आणि त्यांना माझ्याशी बोलायचं होतं.

"आता नाई जमत," सासरे म्हणाले. "सूनबाई मोबाईलवर हाये. पुस्तक आलं वाट्टे तिचं." मग बहिणीचं ऐकून घेऊन, "कॉलेज बंद कायले होते? दोन वर्षांचं असते ते, बाई. उद्या जातो मी तिच्यासंगं अमरावतीले."

फोन खिशात टाकून ते आले, बाजेच्या कडेला टेकले आणि म्हणाले, "हं. कुठं थांबलो होतो आपन?"