सतरा तीसला खेळायची सुट्टी

सगळ्यात आधी फाटकावरच्या काकांचं नाव घ्यायला हवं. पण नाव लिहायचं नाही असं त्यांनीच बजावलंय, म्हणून नुसतं काका. पूर्णेजवळच्या एका रेल्वे फाटकावर ते तीस वर्षं गेटमन होते. आता रिटायर आहेत आणि आमच्या गल्लीत समोरच्या खोलीत एकटेच राहतात. ते नसते, तर माझं पाळणाघर कोरोनाच्या वर्षीच बंद पडलं असतं.

माझं माहेर चंदगडकडं, कोल्हापूरच्याही पलीकडं. नवरा रेल्वेत ट्रॅकमन, म्हणून इथं मराठवाड्यात आले. इथलं ‘करायलाय, जायलाय’ कानाला सवयीचं व्हायला वर्ष गेलं. मी तोंड उघडलं की शेजारणी हसायच्या, मग मीही हसायचे. त्यांनीच ओळखीओळखीतून मुलं मिळवून दिली. दोन खोल्यांत पाच मुलं यायची, शाळा सुटल्यावर, आई ऑफिसातून येईपर्यंत.

कोरोनात ऑफिसं उघडली, पण शाळा काही उघडेनात. मग मुलं सकाळपासूनच माझ्याकडं, दप्तरं आणि मोबाइल घेऊन. “काकू, तेवढं अभ्यासाचं बघा,” असं आया सांगून जायच्या. जरा दुधाकडं बघा म्हणावं तितक्या सहज.

मी सातवीत शाळा सोडलेली. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, आणि खोटंही बोलले नव्हते. मुलाला भरवायला आणि झोपवायला कोण सर्टिफिकेट मागतं? पण आता रोज संध्याकाळी वह्यांचे फोटो शाळेच्या मॅडमना पाठवायचे होते. जे जे संशयाचं वाटेल ते मी खोडरबरानं पुसायचे, पुन्हा लिहून घ्यायचे, पुन्हा पुसायचे. वह्यांचे कागद पार लोकरीसारखे झाले होते. मॅडमची बरोबरची खूण आली की माझ्या घशाखाली घास उतरायचा.

आठ दिवसांनी तिसरीतल्या मुलाच्या भागाकारानं मला गाठलंच. पोरांना झोपवून वही घेऊन मी समोर गेले. काकांनी वही लांब धरून पाहिली आणि कोपऱ्यात तो भागाकार मांडून दिला. दुसऱ्या दिवशी नाकाला रुमाल बांधून, स्वतःची खुर्ची उचलून आले आणि दारातच ठाण मांडून बसले. पहिली गोष्ट कुठली केली असेल, तर खोडरबरं गोळा केली आणि माझ्या डब्यात टाकून झाकण लावलं. फाटकावरच्या रजिस्टरमध्ये काही पुसता येत नाही, म्हणाले. चुकलं तर एक आडवी रेघ मारायची, वरती बरोबर लिहायचं आणि बाजूला सही करायची. चूक झाली हे दिसू द्यायचं.

पोरांना सहीची इतकी हौस, की पहिले दोन दिवस मुद्दाम चुकत होती.

मग काकांनी एक जुनी वही आणली आणि तिचंच रजिस्टर केलं. रोज एका मुलाची ड्यूटी. घरात जे घडेल ते रेल्वेच्या चोवीस तासांच्या वेळेसकट लिहायचं. ‘१३:१० वरणभात. १३:४० पाणी सांडले. १३:४५ पुसले.’ दुसरीतली पोरगी ड्यूटीवर असली की मला कढीला फोडणी द्यायचीही चोरी, लगेच नोंद व्हायची. एकदा नवरा डबा विसरून परत आला, तर ‘०८:२० ट्रॅकमन काका उशिरा सुटले’ अशी नोंद झाली आणि त्याला सही करावी लागली. मुलांच्या हसण्यानं घर दणाणून गेलं. मी इतकी मोकळी हसले ती गाव सोडल्यापासून पहिल्यांदाच.

मग आला घड्याळाचा गृहपाठ. दुसरीतली तिघं एकाच शाळेतली. ‘माझा दिवस’ अशी चित्रं होती आणि प्रत्येकाखाली वेळ लिहायची होती. तिघांनी टाकोटाक लिहिलं. खेळायला जातो, १७:३०. जेवतो, २०:००. झोपतो, २१:३०. मी स्वतः तपासलं आणि मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तोपर्यंत आमचं घरच त्या वेळेवर चालायला लागलं होतं. नवऱ्यालासुद्धा मी एकोणीस तीसला पान वाढते म्हणायचे.

संध्याकाळी तिन्ही वह्यांवर फुल्याच फुल्या आल्या. खाली ग्रुपवर मॅडमनी सगळ्यांना दिसेल असं लिहिलं होतं, की तिघांच्या चुका सारख्याच आहेत, तरी मुलांचा अभ्यास नेमकं कोण करून घेतं हे पालकांनी पाहावं.

त्या तिघांतल्या मुलीची आई तहसीलमध्ये क्लार्क. बोलायला रोखठोक. मुलीला न्यायला आली आणि चप्पल न काढता दारातूनच विचारलं, “काकू, तुमचं शिक्षण किती झालंय?”

मी म्हटलं, सातवी.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, उद्या काय ते ठरवते, नाहीतर हिला आजीकडं जिंतूरला ठेवते. ती गेल्यावर मी नुसती बसून राहिले. ही मुलगी गेली तर बाकीच्या आयाही विचारणार, आणि मग पाचही जाणार. त्या परक्या गावात त्या पाच मुलांखेरीज माझं म्हणावं असं दुसरं होतं काय?

सकाळी काका आले तेव्हा मी त्यांना मोबाइलच दाखवला. त्यांनी वाचलं. कान लाल झाले. विषय माझ्या शिक्षणावर आला हे ऐकल्यावर म्हणाले, “तू सातवी म्हणून घाबरायलीस? मी चौथी हाय.”

इतक्यात क्लार्कताईची स्कूटी आली. मुलगी उतरली, दप्तर आईच्याच खांद्याला. काका उभे राहिले आणि म्हणाले, बाई, चूक माझी हाय, मॅडमला फोन लावा, मी बोलतो. तिला ऑफिसला उशीर होत होता, तरी तिनं व्हिडिओ कॉल लावला.

काका मोबाइलपुढं ताठ उभे, जसे साहेबापुढं. “मॅडम, मी गेटमन होतो. चौथी शिकलोय. पन तीस वर्षं वेळ लिहिली, एकदा चुकली न्हाई. मला जी येते तीच वेळ लेकरांना शिकवली. ह्या बाईला बोल लावू नका.”

 मॅडमनी मुलीला पुढं बोलावलं आणि विचारलं, सतरा तीस म्हणजे किती?

“साडेपाच,” ती म्हणाली. “सतरातून बारा काढायचे.”

एकवीस तीस? साडेनऊ. तेवीस दहा? तिनं बोटं न मोजता सांगितलं. वजाबाकीत ही पोरगी वर्गात रडायची, हे मॅडमना माहीत होतं आणि आईलाही. आई दप्तराचा पट्टा धरून बघतच राहिली.

मग पोरीनंच मॅडमना विचारलं, “तुम्ही साडेसात लिहिलं तर सकाळचे का रात्रीचे, ते कसं कळतं?”

मॅडम हसायला लागल्या. एवढ्या हसल्या की मोबाइल हलला. म्हणाल्या, पुस्तकातली वेळ लिहा आणि कंसात काकांची लिहा, दोन्हीला मार्क देते. ग्रुपवरचा तो मेसेजही त्यांनी काढून टाकला आणि तिथंच आमच्या घराचं कौतुक लिहिलं.

क्लार्कताईनं खांद्यावरचं दप्तर माझ्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलं. काकांना म्हणाली, उद्यापासून हिचे पाढेही घ्या. मला म्हणाली, “काकू, हिला आज भेंडी सोडून काहीही चालेल.” एवढंच. मी आत जाऊन तोंडावर पाणी मारून आले. ड्यूटीवरच्या पोरानं तेही लिहिलं.

आता शाळा केव्हाच्या उघडल्यात. पाचातली चार मुलं मोठी होऊन यायची थांबली, नवी सहा आलीत. मला अजून भीती वाटते, नवरा बदलीचं बोलला तरी मी उठून भांडी घासायला घेते. काकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. नांदेडला जाऊन ऑपरेशन करायचंय, पण ते आज नको, पोळा होऊ द्या, दसरा होऊ द्या, असं ढकलत राहतात. एकट्या माणसाला मागून कोण बघणार, हेच त्यांच्या मनात असतं.

मी त्यांना सांगून ठेवलंय. तुम्ही हो म्हणाल त्या दिवशी पाळणाघराला सुट्टी देऊन मी तुमच्यासोबत नांदेडला येईन. डोळ्याची पट्टी सुटेपर्यंत तुमचं जेवणखाण, औषधाचे थेंब, सगळं माझ्याकडं. आणि रोज सकाळी तुमचा पेपर मी तुम्हाला पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून दाखवीन. अडखळेन, पण एक ओळसुद्धा गाळणार नाही.