लग्न लावणाऱ्यांचा कोड

मार्चमधल्या एका मंगळवारी हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसात एका सहकारी मुलीच्या नावावर काम तपासणाऱ्या ऑडिट टीमने गंभीर चूक नोंदवली. अमेरिकेतल्या एका मंगल कार्यालयात लग्नं लावणाऱ्या सगळ्या माणसांच्या नावांसमोर तिने कोडची जागा रिकामी सोडली होती.

अमेरिकेत टीप मिळवणाऱ्यांना करात सवलत मिळाली होती. त्यासाठी कराच्या फॉर्मवर टीपच्या रकमेसोबत धंद्याचा तीन आकडी कोड लागे. वेटर, न्हावी, बँडवाले, हॉटेलात गाड्या लावून देणारे, प्रत्येकाला वेगळा कोड होता. तिथल्या कामगारांचे हुद्दे वाचून तो घालणं हे आमचं काम. आमच्यापैकी बहुतेकांनी अमेरिका पाहिलेली नव्हती.

मुलगी लातूरची, मारुंजीत भाड्याच्या खोलीत राहणारी, प्रोबेशनवर. तिच्या नावावर एक गंभीर चूक आधीच होती. दुसरी टिकली तर नोकरी कायम होणार नव्हती.

ती टीम लीडकडे गेली. तो मूळचा मोशीचा, घरच्या शेतावर आता इमारती उभ्या असलेला.

"सर, फाइलमध्ये लिहिलंय, पाहुण्यांनी खुशीने दिलेले पैसे. ती दक्षिणा झाली. लग्न लावणाऱ्याला टीप कोण देतं?"

"आमच्यात तर न्हाई देत कुणी," तो म्हणाला. "पण ऑडिटला पुरावा लागंल."

पुराव्यासाठी त्याने घरच्या गुरुजींना फोन लावला आणि स्पीकर चालू केला. गुरुजी चिखलीत एका फ्लॅटच्या वास्तुशांतीला निघाले होते.

"गुरुजी, दक्षिणा म्हंजे टीप व्हय?"

"का रे, मी काय सांबार वाढतो?"

"तसं न्हाई. अमेरिकेच्या सरकारला कळवायचंय."

"माझं नाव कळवू नकोस," गुरुजी म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

ऑडिटने हा पुरावा मान्य केला नाही. मग टीम लीडने एका नियमावर बोट ठेवलं. तीच सूचना वाचून सगळेच तसेच चुकले, तर चूक माणसाची न धरता सूचनेची धरली जाते. आमच्या टीमने गुरुजींचं बोलणं ऐकलेलं असल्यामुळे आम्ही बाद ठरलो. त्या मंगल कार्यालयाची कोरी फाइल खालच्या मजल्यावरच्या टीमला देण्यात आली. आपसात बोलायला बंदी होती. एकानेही कोड घातला तर चूक तिच्याच नावावर राहणार होती. ती मुलगी त्यांच्या काचेबाहेर उभी राहून आत बघत होती.

"बघून काय हुणार हाय? चहा घे जा," टीम लीड म्हणाला.

"निकाल लागल्यावर घेते, सर."

खालच्या टीममध्ये कोणीही कोड घातला नाही. एकाने शेऱ्यात 'देणगी' लिहिलं. दुसऱ्याने लिहिलं, 'पुरोहितास वेटरच्या रांगेत बसवणे योग्य वाटत नाही.'

चूक तिच्या नावावरून काढून सूचनेच्या नावावर टाकण्यात आली. सूचनापत्रात एक वाक्य वाढलं: 'लग्न लावणाऱ्यास खुशीने दिलेली रक्कम टीप समजावी; दक्षिणेचा विचार करू नये.' शुक्रवारी सकाळी तिला कायम केल्याची मेल आली. जेवणाच्या सुट्टीनंतर त्या कार्यालयाची फाइल दुरुस्तीसाठी तिच्याकडेच परत आली आणि तिने सगळ्यांना कोड घातला.