फळीवरचा बिल्ला

हे मी माझ्या बायकोला सांगितलं नाही. ती न ऐकताच गेली. पाळकांना सांगितलं नाही. देवाला तरी सांगितलं का, असं विचाराल — तर त्याला सगळं ठाऊकच असतं, असं म्हणून मी तिथूनही सुटका करून घेतली. आज तुम्हाला सांगतोय. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. आमच्या चर्चच्या मंडळीत लोक मला अजून वडील, म्हणजे मंडळीचा पुढारी, म्हणतात, उठून खुर्ची देतात, आणि मी बसतो.

गोष्ट पन्नास सालानंतरची. चिंचवड स्टेशनच्या पलीकडे तेव्हा ज्वारीची शेतं होती आणि शेतांच्या कडेनं एकेक कारखाना उभा राहत होता. आमचा रंगाचा, छोटासा. मी तिथं मिस्त्री. नगरकडच्या माझ्या गावाहून योहान माझ्यामागून आला, त्याला मीच कामाला चिकटवला. दर बुधवारी संध्याकाळी स्टेशनजवळ एका पत्र्याच्या खोलीत आमची प्रार्थनासभा भरायची, दहा-बारा कुटुंबांची. मी बोलायचो, योहान पेटी वाजवायचा. लोक खरं तर पेटी ऐकायला यायचे. हे मला तेव्हाही कळत होतं, आणि — आता कशाला लपवू — थोडं टोचतही होतं.

पण ते कारण नव्हे. कारण असतं तर निदान काहीतरी असतं.

कारखान्यात रंग शिजवायच्या मोठ्या लोखंडी टाक्या होत्या, त्यांत नळानं वाफ सोडायची. टाकी रिकामी झाली की एक माणूस आत उतरून तळाची खरवड काढायचा. उतरण्याआधी त्यानं आपल्या नंबरचा पितळी बिल्ला वाफेच्या नळाच्या चाकाला अडकवायचा. बिल्ला लटकतोय तोवर चाकाला कुणी हात लावायचा नाही. आणि ज्याचा बिल्ला त्यानंच काढायचा, दुसऱ्या कुणीही नाही. काम संपलं की बिल्ला फाटकाजवळच्या लाकडी फळीवर, आपापल्या नंबरच्या खिळ्याला. नव्या माणसाला हा नियम पहिल्या दिवशी मी शिकवायचो. योहानलाही मीच शिकवला.

बुधवार होता. पाचचा भोंगा झाला. साडेपाचला सभा, आणि मला बोलायचं होतं — विषय, दुःख. मी घाईत निघालो. तीन नंबरच्या टाकीशी योहानचा बिल्ला लटकलेला दिसला. तो आत असला की गात असायचा, लोखंडात आवाज घुमायचा. त्या दिवशी काही ऐकू आलं नाही. मी हाक मारली. एकच. उत्तर आलं नाही. वाटलं, गेला असेल सभेला, बिल्ला विसरून. टाकीला सहा पायऱ्यांची शिडी होती. चढून आत डोकावायला किती वेळ लागला असता? पण मला उशीर होत होता. पोरगं उद्या साहेबाची बोलणी खाईल, म्हणून मी बिल्ला काढला आणि जाता जाता फळीवर त्याच्या खिळ्याला अडकवला. आपण उपकारच केला असं वाटलं मला.

दुसऱ्या पाळीचा माणूस आला. चाकाला बिल्ला नव्हता. त्यानं वाफ सोडली.

योहान आत गुडघ्यांवर होता. काम उरलं होतं, सभेला पोचणं होणार नव्हतं, म्हणून भोंगा झाल्यावर तो आतच प्रार्थनेला बसला. प्रार्थनेत असलेला माणूस हाकेला ओ देत नाही — आमच्यात हे लहान मुलांनाही शिकवलेलं असतं. आतली लोखंडी शिडी धरून तो वर आला म्हणून वाचला. शिडी तापली होती, म्हणून हात गेले.

मी सभेत बोलत होतो. एक कामगार धावत आला, त्यानं सांगितलं. मला त्याच क्षणी कळलं. दुसऱ्या दिवशी नव्हे, नंतर विचार करून नव्हे — त्याच क्षणी. आणि मी काय केलं? लोकांना गुडघे टेकायला सांगितलं आणि योहानसाठी मोठ्यानं प्रार्थना केली. बायका रडत होत्या. चांगली झाली ती प्रार्थना.

दुसऱ्या दिवशी साहेबानं विचारलं, बिल्ला कुठं होता? मी म्हणालो, फळीवर. फळीवर होताच तो, सगळ्यांनी पाहिला होता. साहेबानं लिहून घेतलं की कामगारानं बिल्ला नेलाच नाही, नियम मोडला. योहानची नोकरी गेली. मी मात्र एकही खोटा शब्द बोललो नव्हतो. या गोष्टीचं मला कितीतरी दिवस समाधान वाटत होतं.

दवाखान्यातून सुटल्यावर तो थेरगावात, नदीपलीकडच्या भाड्याच्या खोलीत पडून असायचा. बोटं आकसून एकमेकांना चिकटलेली. बायको मार्था घास भरवायची. मी दर रविवारी जायचो. का जायचो? काळजीनं, असं लोक म्हणायचे. त्याला काय काय आठवतंय हे बघायला जायचो मी.

एकदा तो म्हणाला, "दादा, म्या बिल्ला लावला व्हता. चाक गार व्हतं, मला आठवतंय."

"दुखण्यात डोकं ठिकाणावर राहत नाही," मी म्हणालो. "विसरला असशील."

मार्था चुलीशी होती. "ह्यो माणूस निजताना दाराची कडी दोनदा बघतो," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "ह्यो बिल्ला इसरंल?"

योहान म्हणाला, "मग देवानं मला हे का दिलं, दादा?"

याचं उत्तर जगात एकट्या माझ्याकडं होतं. चार शब्दांचं. त्याऐवजी मी त्याला अर्धा तास समजावलं. देव ज्याच्यावर प्रीती करतो त्यालाच क्रूस देतो, हा तुझा क्रूस आहे. प्रभूच्याही हातांनाच खिळे ठोकले होते — असं मी त्याच्या हातांकडे बघून म्हणालो. मला हे सुचलं तरी कसं? माझी चूक मी उचलून देवाच्या नावावर टाकली, आणि योहान डोळे मिटून मान डोलवत राहिला.

"देवानं न्हाई केलं हे," मार्था म्हणाली. "कुन्या तरी मानसानं केलंय."

मी तिला सुनावलं. देवाच्या योजनेवर शंका घेतली की घरातली शांती जाते, मार्थाबाई. तिच्याच घरात बसून, तिच्या हातचा चहा पिऊन.

प्रभुभोजनाच्या आदल्या दिवशी आमच्यात तयारीची सभा असते. ज्याच्या मनात कुणाविषयी काही असेल त्यानं उठून त्या माणसापुढं जायचं आणि मिटवून टाकायचं. त्याशिवाय भाकरीला आणि प्याल्याला हात लावायचा नाही. अशाच एका शनिवारी योहान उठला. बिनहातांचा माणूस उठतो तसा, भिंतीला पाठ घासत. आणि सरळ माझ्याकडं आला. तुम्हाला खोटं सांगत नाही — क्षणभर सुटल्यासारखं वाटलं.

त्यानं माझ्यापुढं गुडघे टेकले. "दादा, म्या तुमच्यावर संशव धरला. तुमीच बिल्ला काढला आसंल, आसं मनात आनलं. तुमी दर रविवारी माझ्यासाठी येताय, आन् म्या आसं... मला क्षमा करा."

सगळी खोली बघत होती. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "क्षमा केली, बाळा."

बायकांच्या बाजूनं मार्था उठली आणि बाहेर गेली. पुन्हा कधी सभेला आली नाही. मंडळी तिला अविश्वासी म्हणायची. मीही म्हणायचो. दुसऱ्या दिवशी योहानला भाकर धरता येईना, तेव्हा मीच ती मोडून त्याच्या तोंडात घातली.

तो पुढं पाच वर्षं जगला. चिखलीपर्यंत पायी जायचा, आजारी माणसांजवळ बसायचा. बोलायचा कमीच. लोक म्हणत, दुःख म्हणजे काय ते योहानला कळलं. खरंच कळलं होतं. मी फक्त दुःखावर बोलायचो. आता सांगितलं तर त्याची श्रद्धा मोडेल, अशी मी स्वतःची समजूत घालायचो. नसती मोडली. माझी खुर्ची गेली असती, एवढंच.

त्याला माती दिली त्या दिवशीही मीच बोललो. लोक पांगल्यावर मार्था माझ्यापाशी आली. "मिस्त्री," ती म्हणाली, "त्यो तर गेला. आता सांगितलंत तरी चालंल."

मी विचारलं, "काय सांगू?"

ती थेरगावच्या वाटेला लागली.

बिल्ला मी काढला होता.